प्रिंटर आपला, मग शाईवर हुकूम कुणाचा?

घरच्या प्रिंटरमध्ये कंपनीचीच शाई घालायची की बाहेरची चालते, हा विषय कोल्हापुरात कुठंही काढा, दोन तट पडायला वेळ लागत नाही. एक तट म्हणतो, कंपनीचं ते कंपनीचं. चार पैसे वाचवायला जाल आणि प्रिंटर घालवून बसाल. दुसरा म्हणतो, तसलं काय नसतंय ओ, शाई सगळी एकच, कंपनी नुसते नावाचे पैसे घेते, चालतंय की! राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर, वकिलांच्या बाररूममध्ये हीच दोन वाक्यं आलटूनपालटून ऐकू येतात. प्रत्येकाकडं पुराव्याला एक प्रिंटर असतो. एकाचा बाहेरच्या टोनरनं (म्हणजे लेझर प्रिंटरमध्ये शाईच्या जागी लागणाऱ्या पावडरीनं) बिघडलेला, दुसऱ्याचा तसल्याच टोनरवर वर्षानुवर्षं चाललेला. दोन्ही पुरावे खरे असतात, म्हणूनच हा वाद कधी संपत नाही. भांडण चाललंय शाई चांगली की वाईट यावर. ते ठरवायचं कुणी, याकडं कुणी बघतच नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पैसे मोजून प्रिंटर घरी आणला की त्यात कुठली शाई, कुठलं टोनर घालायचं हे मालकानं ठरवायचं. कंपनीनं सल्ला द्यावा, जाहिरात करावी, बाहेरच्या टोनरमुळं नुकसान झालंय हे दाखवून दिलं तर तेवढ्यापुरती वॉरंटी नाकारावी. पण विकून झालेल्या यंत्राला सॉफ्टवेअरनं कुलूप घालायचा अधिकार तिला नाही. आणि बाहेरचा माल विकणाऱ्यानं तो बाहेरचा आहे हे बिलावर लिहून द्यायचं. या दोन्ही गोष्टी जोडीनंच मागाव्या लागतात. एक सोडून दुसरी मागितली की आपण पुन्हा त्याच दोन तटांपैकी एकावर जाऊन उभे राहतो.

प्रिंटरच्या शाईवर एवढं काय लिहायचं, असं कुणाला वाटेल. कुणी याला मिठाच्या सत्याग्रहाच्या पंगतीत बसवू पाहील तर मीही हसेन. पण २०२० मध्ये शाळा मोबाइलवर आल्या तेव्हा अनेक घरांत पहिल्यांदा प्रिंटर आला आणि शाळा उघडल्यावरही तो तिथंच राहिला. गल्लोगल्लीची महा ई-सेवा केंद्रं उत्पन्नाचे दाखले आणि सातबारे छापतात. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागलं. सहा जिल्ह्यांची प्रकरणं इथं आली, आणि याचिका म्हटली की प्रती आल्या, जोडपत्रं आली. अशा टेबलांवर अजूनही हमखास दिसणारी दोन यंत्रं म्हणजे एचपीचा लेझरजेट १०२० आणि कॅननचा एलबीपी २९००. एकात १२ए टोनर, दुसऱ्यात ३०३. दोन्हींची क्षमता कंपनीच्या हिशेबानं सुमारे २००० पानं, तीही पानाचा जेमतेम पाच टक्के भाग काळा होतो असं धरून. कंपनीचं कार्ट्रिज, म्हणजे शाई-टोनरचा डबा, चार आकडी किमतीचं, बाहेरचं काहीशे रुपयांत, आणि जुनंच भरून आणलं तर त्याहून कमी. ज्याचं पोटच छापण्यावर चालतं त्याला हा फरक किरकोळ कसा वाटेल? आणि 'कंपनीचं ते कंपनीचं' म्हणणाऱ्यांसाठी एक गंमत. १९८४ च्या पहिल्या लेझरजेटपासून एचपीच्या बहुतेक लेझर प्रिंटरांचं आतलं इंजिन कॅननकडून येत आलंय. मग यातली 'कंपनी' नेमकी कुठली?

आता कंपनीच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊ, कारण 'शाई सगळी एकच' हे वाक्य धडधडीत खोटं आहे. एचपी आणि कॅननच्या इंकजेटमध्ये प्रत्येक बारीक छिद्रामागं एक सूक्ष्म हीटर असतो. त्याला काही मायक्रोसेकंद वीज मिळाली की त्याला टेकलेला शाईचा पातळ थर तीनशे अंशांच्या आसपास तापतो, बुडबुडा उठतो आणि त्या धक्क्यानं काही पिकोलिटरचा थेंब कागदावर उडतो. सेकंदाला हजारो वेळा हे चाललेलं असतं. शाईत नको ते क्षार असले तर हीटरवर जळकट थर बसत जातो. दाटपणा किंवा पृष्ठताण चुकला तर थेंब वाकडा पडतो, नाहीतर पडतच नाही. टोनरचंही तेच. ती काजळी नव्हे, काही मायक्रॉन जाडीच्या कणांचं प्लॅस्टिक आहे. फ्यूजरच्या तापलेल्या रोलरखालून कागद जाताना ते वितळून कागदाला चिकटतं. भलत्या तापमानाला वितळणारी पावडर भरली तर एक तर अक्षरं बोटानं पुसली जातात, नाहीतर टोनर रोलरलाच चिकटतं आणि पुढच्या पानावर मागच्या पानाचं भूत उमटतं. ज्यांनी हे पाहिलंय ते बाहेरच्या टोनरला घाबरतात, आणि त्यांचं घाबरणं चूक नाही.

पण घाबरायचं कुठं आणि कुठं नाही, हे दोन्ही तटांतलं कुणी सांगत नाही. एचपीच्या ६७८, ६८०, ८०२, ८०३ अशा घरगुती इंकजेट कार्ट्रिजांत छापणारं हेड कार्ट्रिजमध्येच असतं. वाईट शाईनं ते चोंदलं तर कार्ट्रिज जातं आणि नवं घातलं की हेडही नवं येतं. प्रिंटर जिथल्या तिथं राहतो. १२ए सारख्या टोनरमध्ये ड्रमही, म्हणजे ज्यावरून टोनर कागदावर उतरतं तो रूळही, कार्ट्रिजच्याच पोटात असतो, त्यामुळं ड्रमवर ओरखडा आला तर तोही कार्ट्रिजबरोबर बाहेर जातो. उलट एप्सनच्या प्रिंटरमध्ये हेड यंत्रात कायमचं बसवलेलं असतं. तिथं हलकी शाई वाळून बसली तर दुरुस्तीचं बिल प्रिंटरच्या किमतीशी स्पर्धा करतं. म्हणजे एकाच बाहेरच्या शाईचा धोका एका प्रिंटरला एका कार्ट्रिजपुरता, दुसऱ्याला काही हजारांचा. एवढी साधी माहिती ग्राहकाला दिली तर तो स्वतःच ठरवेल. 'वॉरंटी जाईल' एवढा एकच धाक दाखवणाऱ्याला ग्राहकानं विचार करावा असं वाटतच नसतं.

शाईच्या जातीचा मुद्दा तर कोल्हापूरकरांना वेगळा सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी घराघरांत शिरलं, कपाटातल्या फायली भिजल्या. लेझरवर छापलेला कागद सुकवला की वाचता येतो, कारण त्यावर वितळून बसलेलं प्लॅस्टिक आहे. पाण्यात विरघळणाऱ्या डाय शाईनं छापलेली अक्षरं मात्र पसरून निळसर डाग होतात. कणांची, म्हणजे पिगमेंटची काळी शाई त्यापेक्षा बरीच टिकते. बाहेरची शाई भरणाऱ्यानं पिगमेंटच्या जागी स्वस्त डाय भरली तर छापताना फरक कळत नाही, पूर आल्यावर कळतो. म्हणून खरेदीखताची प्रत काढणाऱ्यानं आणि मुलीच्या प्रकल्पासाठी फुलपाखराचं चित्र छापणाऱ्यानं एकच शाई वापरली पाहिजे असं मी म्हणणार नाही. पण या दोघांचा निर्णय परक्या मुलखात बसलेल्या कंपनीनं कार्ट्रिजवर लावलेल्या, बाहेरचा माल ओळखून अडवणाऱ्या एका चिपच्या जोरावर एकदमच घेऊन टाकावा, हे यातून कुठं निघतं? शाईशाईत फरक असतो. एवढ्यावरून निवडीचा हक्क कंपनीकडं जात नाही.

शंभर वर्षांपूर्वी हाच वाद जवळजवळ याच शाईवरून झाला होता. सायक्लोस्टाईल आठवणारी पिढी अजून आपल्यात आहे: मेणकागदावर टाइप केलेली प्रश्नपत्रिका, हँडल फिरवलं की निघणाऱ्या प्रती, हाताला लागणारी शाई. त्याच जातीचं मिमिओग्राफ यंत्र शिकागोची ए. बी. डिक कंपनी विकत असे. यंत्रावर पाटी ठोकलेली असायची की यात फक्त आमचाच स्टेन्सिल कागद आणि आमचीच शाई वापरायची. एका दुसऱ्या व्यापाऱ्यानं यंत्राच्या मालकिणीला शाईचा एक डबा विकला आणि खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९१२ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी कंपनी जिंकली. सरन्यायाधीश व्हाइट यांनी विरोधी मत नोंदवताना विचारलं होतं की, हे मान्य केलं तर पेटंट घेतलेलं स्वयंपाकाचं भांडं विकणारा उद्या त्यात शिजवायचं अन्नही माझ्याकडूनच घ्या म्हणणार नाही का? (पातेलंवाल्यानं तांबड्या रश्शाचं मटण अमुकच दुकानातून आणायला लावलं तर कोल्हापुरात काय होईल, हे मी वाचकांवर सोडतो.) अमेरिकी संसदेनं १९१४ मध्ये क्लेटन कायदा करून अशा बांधून घालणाऱ्या विक्रीला आळा घातला आणि १९१७ मध्ये खुद्द न्यायालयानंच आपला १९१२ चा निर्णय मोडीत काढला.

त्याहून मासलेवाईक प्रकरण आयबीएमचं. आकडेमोडीची यंत्रं ती भाड्यानं देई आणि त्यात घालायची भोकाची पुठ्ठा-कार्डं मात्र आपल्याचकडून घ्यायची अट घाली. कारण काय? तर दुसऱ्याची कार्डं जाडीला कमीजास्त असतील, यंत्र बिघडेल, हिशेब चुकतील आणि नाव आमचं खराब होईल. आजच्या कुठल्याही टोनर-पत्रकात शोभेल असा हा युक्तिवाद! १९३६ मध्ये न्यायालयानं तो फेटाळला. सरकारी खाती स्वतः तयार केलेली कार्डं त्याच यंत्रांत उत्तम चालवत होती, ही गोष्ट समोरच होती. न्यायालयाचं म्हणणं साधारण असं की, कार्ड कसं हवं याची मापं जाहीर करा, त्या मापात न बसणारं वापरू नका म्हणा, आपल्या कार्डाची हवी तेवढी स्तुती करा. पण दुसऱ्यालाही त्या मापाचं कार्ड बनवता येतं हे नाकारू नका. अमेरिकेचे निकाल आपल्यावर बंधनकारक नाहीत, मान्य. पण दर्जाची काळजी आहे तर माप सांगा, हे उत्तर कुठल्याही देशात लागू पडतं. टोनर किती अंशांना वितळावं, शाईचा दाटपणा किती असावा हे प्रिंटरच्या पुस्तिकेत छापायला कुणाची हरकत आहे?

कंपन्यांच्या बाजूनं यानंतर येतो तो पैशाचा मुद्दा, आणि तोही फालतू नाही. प्रिंटर आम्ही जवळपास खर्चातच देतो, कमाई शाईवर करतो. तुम्ही स्वस्त प्रिंटर उचलून शाई बाहेरून भरली तर तो व्यवहार मोडल्यासारखं नाही का? विचार करायला लावणारा प्रश्न आहे. पण हा व्यवहार ठरला कधी? दुकानात खोकं घेताना कुणी सांगितलं होतं का, की या किमतीत पुढच्या पाच वर्षांच्या शाईचं बंधन धरलेलं आहे? खोक्यावर एक किंमत होती, ती आपण दिली. शाईवर वसूल करू हा कंपनीनं खेळलेला डाव आहे, आपण केलेला करार नव्हे. शिवाय वसुली होते कुणाकडून? जो जास्त छापतो त्याच्याकडून, म्हणजे बऱ्याचदा सेवा केंद्रवाल्याकडून, शिकवणीवाल्या बाईंकडून, नवख्या वकिलाकडून. सहा महिन्यांतून एकदा विमानाचं तिकीट छापणाऱ्याचा प्रिंटर यांच्या शाईतून स्वस्त होतो. कुलपं काढली तर प्रिंटर महाग होतील हे मी मान्य करतो. होऊ देत. ज्याला महिन्याला दहा पानं लागतात त्यानं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जावं. त्याचं थोडं नुकसान होईल, पण आज ते नुकसान दुसरं कुणीतरी गुपचूप सोसतंय.

हा डाव सोडूनही धंदा चालतो हे याच उद्योगानं दाखवून दिलंय. इंडोनेशियात लोक प्रिंटरला बाहेरून नळ्या आणि टाक्या जोडून बाटलीतली शाई वापरत होते. कंपन्यांच्या लेखी ती यंत्राची विटंबनाच. पण २०१० मध्ये एप्सननं तिथंच, स्वतःच टाकी बसवलेला प्रिंटर बाजारात आणला. यंत्राची किंमत जास्त, शाईची बाटली सत्तरेक मिलिलिटरची आणि स्वस्त. पुढं २०१५ मध्ये कॅनन आणि २०१६ मध्ये एचपीही त्याच वाटेनं आली. कोल्हापुरात आज पालक प्रिंटर विचारायला आला की दुकानदार आधी टाकीवालाच दाखवतो. बाहेरची शाई भरणाऱ्यांनी बाजारात धाक ठेवला नसता तर ही टाकी आली असती का? कुलूप पक्कं असतं तर आपण अजून काही मिलिलिटर शाईचं कार्ट्रिज चांदीच्या भावानं घेत बसलो असतो.

त्या कुलपाचा इतिहासही बघण्यासारखा आहे. १३ सप्टेंबर २०१६ रोजी जगभरातल्या एचपीच्या अनेक ऑफिसजेट प्रिंटरांनी एकाच दिवशी बाहेरची कार्ट्रिजं नाकारायला सुरुवात केली. काल चालत होतं ते आज 'सदोष' ठरलं. कार्ट्रिज तेच, प्रिंटर तोच. झालं एवढंच, की फर्मवेअरमध्ये (प्रिंटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) आधीच घालून ठेवलेली तारीख उजाडली. गवगवा झाल्यावर कंपनीनं ग्राहकांना नीट कळवलं नाही याबद्दल माफी मागितली, पण धोरण काही सोडलं नाही. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणानं २०२० च्या डिसेंबरमध्ये एचपीला एक कोटी युरोचा दंड केला. मुख्य कारण हेच की, ग्राहकांना ही मर्यादा धड सांगितली नव्हती. कंपनीचं आजचं समर्थन आहे सुरक्षेचं. २०२४ च्या जानेवारीत तिच्या प्रमुखांनी जाहीर मुलाखतीत सांगितलं की कार्ट्रिजमधून व्हायरस प्रिंटरमध्ये आणि तिथून नेटवर्कमध्ये जाऊ शकतो. कार्ट्रिजच्या चिपमधून असा हल्ला करता येतो हे कंपनीनंच बक्षीस लावून नेमलेल्या संशोधकांनी दाखवलं होतं, त्यामुळं हा धोका निव्वळ काल्पनिक म्हणून उडवून लावता येत नाही. पण शाईच्या डब्याला संगणकीय चिप लावली कुणी? ती चिप जे सांगेल ते प्रिंटरनं निमूट ऐकावं अशी रचना कुणाची? दार कंपनीनंच ठेवलं, भोकही तिच्याच फर्मवेअरमध्ये, आणि उपाय काय तर शाई आमचीच घ्या.

चिप छापण्यासाठी किती गरजेची आहे याची साक्ष तर एका प्रिंटर कंपनीनंच दिली आहे. चिपच्या जागतिक टंचाईत, २०२२ च्या सुरुवातीला, कॅननला आपल्या टोनर कार्ट्रिजांसाठीच चिपा मिळेनात. मग तिनं जर्मनीतल्या ग्राहकांना स्वतःच शिकवलं: बिनचिपचं कार्ट्रिज घाला, पडद्यावर इशारा येईल, तो बाजूला सारून पुढं जा. छपाईच्या दर्जावर परिणाम होणार नाही, टोनर किती उरलंय ते दाखवण्यासारख्या सोयी तेवढ्या चालणार नाहीत, हे तिनंच सांगून टाकलं. बाहेरचं कार्ट्रिज ओळखून अडवायला जी चिप वापरली जाते ती नसतानाही कागद नीट छापला जातो! यापेक्षा स्पष्ट कबुली कुठल्या न्यायालयात मिळाली असती?

हा वाद कोल्हापुरातच नीट समजून घेतला जायला हवा होता, कारण हे शहर सुट्या भागांवर मोठं झालंय. उद्यमनगरात तुटलेला भाग आणून टाका, मापं घेऊन लेथवर तसाच दुसरा काढून देणारा कारागीर सापडतो. ऑइल इंजिनं, पंप, गुऱ्हाळं, साखर कारखाने, सगळ्यांची यंत्रं इथल्या हातांनी चालती ठेवली. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रींतून ओतीव भाग वाहन उद्योगाला जातात. त्या वाहन उद्योगाचाच एक निकाल इथं लागू पडतो. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. त्या सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नव्हत्या, आपल्याला माल पुरवणाऱ्यांनाही ते भाग खुल्या बाजारात विकू देत नव्हत्या आणि बाहेर दुरुस्ती केली की वॉरंटी गेली असं सांगत होत्या. त्यावर पुढं अपिलं झाली, तो भाग वेगळा. आयोगाचा तर्क मात्र प्रिंटरला जसाच्या तसा बसतो. गाड्यांच्या बाजारात स्पर्धा असेल, पण एकदा गाडी घेतली की तिच्या भागांच्या बाजारात ती एकच कंपनी मालक असते आणि ग्राहक अडकलेला असतो. प्रिंटरचे ब्रँड बाजारात दहा असोत. घरी आणलेल्या एका प्रिंटरला त्याचंच कार्ट्रिज लागतं. गाडीच्या बाबतीत जे गैर ठरलं ते शाईच्या बाबतीत रास्त कसं?

इथं उद्यमनगरातलाच एखादा उद्योजक मला थांबवेल आणि म्हणेल, तुम्ही नक्कल करणाऱ्यांची बाजू घेताय. माझ्या पंपाची हुबेहूब कॉपी माझंच नाव टाकून विकतात, त्याचं काय? त्याचा राग रास्त आहे, आणि बाहेरच्या शाईच्या समर्थकांनी सगळ्यात जास्त घोळ इथंच घातलाय. माझ्या यंत्रात बसेल असा भाग बनवून स्वतःच्या नावानं विकणं हा व्यापार आहे. माझ्या नावाच्या खोक्यात आपला माल घालणं ही चोरी आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते या दुसऱ्या प्रकाराविरुद्ध. उत्तम चपला दुसऱ्या कुणी करूच नयेत म्हणून नव्हे. टोनरच्या बाजारात हे दोन्ही प्रकार एकाच काउंटरवर, एकाच आवाजात विकले जातात. कंपनीच्या खोक्यासारखं खोकं, होलोग्रामसारखा होलोग्राम, किंमत थोडीच कमी, आणि 'ओरिजिनलच हाय सायेब'. हा दुकानदार बाहेरच्या मालाच्या बाजूचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. त्याच्यामुळं प्रामाणिकपणे स्वतःच्या नावानं चांगलं टोनर विकणाऱ्याचीही पत जाते आणि ग्राहक वैतागून पुन्हा चार आकडी किंमत मोजायला लागतो.

भरून देणाऱ्यांबद्दलही गोड बोलायचं कारण नाही. एका अरुंद खोलीत, पंखा लावून, तोंडाला साधा रुमालही न बांधता पोरं दिवसभर टोनर झटकत बसलेली असतात. ती काही मायक्रॉनची पावडर श्वासाबरोबर आत जाते, आणि हे चाललंय ते आपले काहीशे रुपये वाचावेत म्हणून. जुना ड्रम न बदलता, टाकाऊ टोनरचा कप्पा न रिकामा करता नुसती पावडर ओतून 'नव्यासारखं' म्हणून देतात. दुसऱ्या-तिसऱ्या भरणीला पानाच्या कडेनं काळी रेघ येते ती यामुळं. पण हेच काम नीट केलं तर? तेच कवच दोनतीनदा वापरात आलं तर तेवढा प्लॅस्टिक-धातूचा कचरा कमी होतो. ई-कचऱ्याच्या नियमांच्या यादीत प्रिंटर 'कार्ट्रिजसह' धरलेला आहे, म्हणजे सरकारनंही रिकामं कार्ट्रिज हा ई-कचराच मानलाय. मग कचरा कमी करणाऱ्या कारागिराला मास्क, धूळ ओढणारं यंत्र आणि थोडं प्रशिक्षण देऊन उजळ माथ्यानं धंदा करू द्यायचा, की चिप लावून त्याचं काम बेकायदा असल्यासारखं भासवायचं?

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चर्चा सुरू केली, त्याचं पोर्टलही आणलं. शेती अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं त्यात धरली. प्रिंटर या चर्चेत कुठंतरी कोपऱ्यात आहे. त्याला मध्ये आणायचं तर मागण्या फार नाहीत. हा प्रिंटर बाहेरचं कार्ट्रिज अडवतो की नाही हे खोक्याच्या दर्शनी बाजूला, किमतीएवढ्या मोठ्या अक्षरांत लिहा. विक्रीनंतरच्या अपडेटनं नवं कुलूप घालायचं नाही. आणि दुकानदारानं बिलावर 'कंपनीचं', 'दुसऱ्या कंपनीचं' की 'भरलेलं' यापैकी एक लिहायचं. यातलं शेवटचं तर कायद्याची वाट न बघता उद्या सकाळी होऊ शकतं. पक्कं बिल मागा, त्यावर हे लिहून मागा. लिहून द्यायला तोंड वाकडं करणारा दुकानदार काय विकतोय ते तिथंच कळतं.

वॉरंटीचंही तसंच. 'बाहेरचं टोनर वापरलंय, वॉरंटी संपली' असं सर्व्हिस सेंटरनं तोंडी सांगितलं तर त्यांना लेखी मागायचं: कुठला भाग बिघडला, आणि टोनरमुळं तो कसा बिघडला. फ्यूजरला टोनर चिकटून बसलं असेल तर त्यांचं म्हणणं बरोबर आहे, निमूटपणे पैसे भरा. पण कागद ओढणारा रबरी रोलर झिजला असेल, यूएसबीचं पोर्ट गेलं असेल, पॉवर सप्लाय जळाला असेल, तर त्याचा टोनरशी संबंध काय? लेखी देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, त्यामुळं कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, आणि घरगुती प्रिंटर काही एवढा महाग नसतो.